स्पेस इन्व्हेडर्स हुबेहूब बनवला, तरी मजा का येत नाही?

प्रश्न लांबलचक आहे म्हणून आधी माझ्या शब्दात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. तू इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहेस, मिनी प्रोजेक्टसाठी पायथनमध्ये पायगेम (गेम बनवायची लायब्ररी) वापरून स्पेस इन्व्हेडर्स बनवलास, म्हणजे तो जुना गेम, ज्यात वरून एलियनची फौज उतरत येते आणि आपण खालून तोफेने ती टिपायची. ५५ एलियन, तोफेला आडोसा म्हणून ४ बंकर, वरून मधूनच जाणारी उडती तबकडी, चित्रं पण पिक्सेल मोजून मूळ गेमसारखी काढलीस. आणि मित्रांना खेळायला दिला तर दोन मिनिटांत सगळे परत मोबाईलमध्ये. आता तू विचारतोयस की पॉवर-अप टाकू का, बॉस टाकू का, ग्राफिक्स बदलू का. आणि एकदम शेवटी, जाता जाता, एक ओळ टाकलीयस की "मूळ गेममधल्या चुका पण कॉपी करायच्या असतात का काका?"

ती शेवटची ओळ हाच खरा प्रश्न आहे. बाकीचे सोड.

मी कोण ते सांगतो, म्हणजे कुठल्या अनुभवावर बोलतोय ते कळेल. मी मूळचा डोंबिवलीचा, ९०च्या दशकात लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात पार्लरवाल्यांचे व्हिडिओ गेमचे बोर्ड दुरुस्त करायचो, नंतर इकडे शिकागोजवळ आलो आणि नोकरी सांभाळून जुने आर्केड बोर्ड, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनचे, दुरुस्त करतो, जास्त करून १९७८ ते ८५ मधले. गेम डिझायनर मी नाही. पण बंद पडलेल्या बोर्डवर एक एक सिग्नल तपासताना गेम आतून कसा चालतो ते झक मारत समजतं, कारण नाही समजलं तर दुरुस्तच होत नाही.

तुझा कोड मी चाळला. एक गोष्ट लगेच दिसली. तू सगळे ५५ एलियन प्रत्येक फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र दर वेळी नव्याने काढताना, एकदम सरकवतोस, आणि एलियन कमी झाले की स्पीड नावाचं व्हेरिएबल थोडं वाढवतोस. मूळ गेममध्ये असं काही नव्हतंच. तिथे प्रत्येक फ्रेमला फक्त एक एलियन हलायचा. एकच. सेकंदाला साधारण ६० फ्रेम, म्हणजे ५५ जणांची एक फेरी पूर्ण व्हायला जवळजवळ एक सेकंद, आणि त्या फेरीत प्रत्येक जण सरकणार किती तर २ पिक्सेल.

पाणीपुरीवाल्यासमोर गोल करून उभे राहतो ना आपण, तसं समज. भैया एका वेळी एकच पुरी देतो, त्याचा हात एकाच वेगाने चाललाय. पंधरा जण असतील तर तुझा नंबर यायला वेळ लागतो, तू आरामात गप्पा मारतोस. लोक संपवून निघून गेले, तिघंच उरले, की तुझी आधीची पुरी तोंडात असतानाच पुढची द्रोणात पडते आणि तुझी धांदल उडते. भैयाने स्पीड वाढवला का? नाही. गर्दी कमी झाली. स्पेस इन्व्हेडर्सचा वाढत जाणारा वेग म्हणजे शब्दशः हेच आहे.

आता हे असं का केलं, कोणी हुशारीने ठरवून केलं का? तर नाही, नाइलाज होता. तोमोहिरो निशिकादो नावाच्या इंजिनिअरने १९७८ साली तैतो कंपनीत हा गेम बनवला, जवळजवळ एकट्याने, म्हणजे सर्किट त्याचं, प्रोग्रॅम त्याचा, एलियनची चित्रं पण त्याचीच, आणि प्रोग्रॅम लिहायची साधनं सुद्धा त्याने आधी स्वतः बनवली. प्रोसेसर इंटेल ८०८०, २ मेगाहर्ट्झ. भागाकार करून बघ, एका फ्रेमला ३३ हजारांच्या आसपास क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचे ठोके, मिळतात आणि एकेका सूचनेला चारपासून अठरापर्यंत क्लॉक जातात, म्हणजे फ्रेममागे साधारण पाचेक हजार सूचना. तेवढ्यात तोफ, गोळी, बॉम्ब, स्कोअर, आवाज सगळं सांभाळून ५५ चित्रं पुसून नव्या जागी काढायची? शक्यच नाही.

त्यात भर म्हणजे त्या बोर्डवर स्प्राइट, म्हणजे हार्डवेअरच परस्पर हलवेल असं चित्र, वगैरे काही प्रकार नाही. स्क्रीन म्हणजे २५६ गुणिले २२४ ठिपके, एका ठिपक्याला एक बिट, पांढरा नाहीतर काळा. ७ केबी त्यातच गेले, एकूण रॅम ८ केबी, म्हणजे बाकी सगळ्या गेमला उरला १ केबी. चित्र काढायचं तर प्रोसेसरने स्वतः त्या मेमरीत बिट लिहायचे, आणि एलियन बरोबर बाइटच्या सीमेवर उभा नसेल तर बिट सरकवून लिहायचे. ८०८० एका सूचनेत एकच बिट सरकवू शकतो, पाच बिट सरकवायचे तर पाच वेळा. म्हणून बोर्डवर बिट सरकवण्यासाठी वेगळं सर्किटच दिलंय, प्रोसेसर त्याला बाइट देतो आणि सरकवलेला परत घेतो. इतकं करून पण एका फ्रेमला एक एलियन, यापेक्षा जास्तीचा हट्ट त्याने धरला नाही.

स्क्रीन तशी साधी असल्याचा आम्हा दुरुस्तीवाल्यांना एक फायदा. रॅमच्या १६ चिप असतात, प्रत्येकीत दर बाइटमधला एकच ठरावीक बिट राहतो, त्यामुळे एक चिप गेली की स्क्रीनवर दर आठ ठिपक्यांनी एक आडवी रेघ येते. रेघ आठातली कितवी आणि स्क्रीनच्या कुठल्या भागात एवढं बघितलं की मल्टिमीटर न लावता चिपवर बोट ठेवता येतं. असो, विषयांतर झालं.

तर मुद्दा असा की मशीन हळू होतं म्हणून एक-एक एलियन हलवला, आणि त्यामुळे आपोआप असं झालं की मारत जाल तसे उरलेले जोरात पळायला लागले. निशिकादोने नंतर मुलाखतींत हे सांगितलंय, की खेळून बघताना हे लक्षात आलं, मजा आली, म्हणून तसंच ठेवलं. इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत असते आणि इथेच सगळे थांबतात, "बघा, चुकून केवढा भारी गेम झाला". मला ही अर्धीच गोष्ट वाटते. कारण रॉममधला, म्हणजे बोर्डवरच्या कायमच्या मेमरीतला, प्रोग्रॅम उलगडून वाचला की कळतं त्या माणसाने तो अपघात नुसता ठेवला नाही, त्याला धार लावली.

पहिलं, शेवटचा एलियन. हिशोब कर. दोन एलियन उरले की प्रत्येकाचा नंबर दर दोन फ्रेमला येतो, सरकतो २ पिक्सेल, म्हणजे सरासरी फ्रेमला १ पिक्सेल. तुझी तोफ किती सरकते? फ्रेमला १ पिक्सेल. म्हणजे दोन उरेपर्यंत तू त्यांच्या बरोबरीत आहेस, पाठलाग करू शकतोस. एकच उरला की तो फ्रेमला २ पिक्सेल, तुझ्या दुप्पट. आता पाठलाग विसर, आता अंदाज घेऊन त्याच्या पुढे गोळी टाकायची. खेळाची पद्धतच बदलली एका क्षणात. आणि वर प्रोग्रॅममध्ये चार-पाच सूचनांचा एक छोटा तुकडा आहे, की एकच एलियन उरला असेल तर उजवीकडे जाताना २ ऐवजी ३ पिक्सेल. हे काही अपघाताने होत नाही, हे कोणीतरी बसून लिहिलंय.

दुसरं, आवाज, आणि तुझ्या क्लोनमध्ये, म्हणजे नकलेत, ही सगळ्यात मोठी खोट आहे. ते चार सुरांचं खालच्या पट्टीतलं ढुम ढुम ढुम ढुम, तू ते एका ठरावीक लयीत लूपवर लावलंयस. मूळ गेममध्ये ते पण एलियन कमी होतील तसं जलद होतं, पण ते एलियनच्या हालचालीतून आपोआप आलेलं नाही! त्यासाठी रॉममध्ये वेगळं टेबल आहे, इतके एलियन असतील तर इतक्या फ्रेमनी पुढचा सूर. ५० एलियनच्या वर जवळपास ५० फ्रेमचं अंतर, आणि कमी होत होत शेवटी ५ फ्रेम. म्हणजे हालचाल जे नाइलाजाने करत होती, त्याच्याच तालावर आवाज मुद्दाम बसवला.

याचा अनुभव सांगतो. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मी एक वर्षी माझं मशीन नेलं होतं, पोरांना खेळायला. नेताना व्हॅनमध्ये आदळलं असेल, साउंडचा बोर्ड गप्प. त्या गेमचे बरेचसे आवाज साध्या ट्रान्झिस्टर, कॅपॅसिटरच्या सर्किटमधून येतात, आणि चाळीस वर्षांचे कॅपॅसिटर, त्यांना निमित्तच हवं असतं. तर दिवसभर मशीन मुकं चाललं. पोरं खेळली, नाही असं नाही, पण एक डाव खेळायची आणि मोदकाच्या रांगेत जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन दोन कॅपॅसिटर बदलले. तीच पोरं, तोच गेम, पण आता खेळणाऱ्याच्या मागे घोळका, आणि ढुम ढुम वाढायला लागलं की उभ्या असलेल्यांचे पण खांदे वर. एक आजी होत्या, त्यांना गेममधलं काही कळत नव्हतं, त्या नुसता आवाज ऐकून लांबूनच म्हणाल्या, "आता मरणार बघ हा." आणि मेला.

तिसरं, आणि हे माझं आवडतं. एलियनला गोळी लागली की स्फोटाचं चित्र दिसतं तेवढा वेळ, सोळाएक फ्रेम, बाकीची सगळी फौज जागच्या जागी थांबते. पाव सेकंदच. खेळताना कळत पण नाही, पण गोळी "लागली" असं हाताला जाणवतं ते यामुळे. तुझ्या गेममध्ये एलियन नुसता गायब होतो आणि बाकीचे चालत राहतात, म्हणून गोळी पाण्यात पडल्यासारखी वाटते.

चौथं म्हणजे तुझी गोळी. तू स्पेसबार दाबून ठेवला की धडाधड गोळ्या सुटतात असं केलंयस, बहुतेक मित्रांनीच सांगितलं असणार. मूळ गेममध्ये एका वेळी स्क्रीनवर तुझी एकच गोळी, ती लागली किंवा वर जाऊन फुटली तरच पुढची. गोळी फ्रेमला ४ पिक्सेल जाते, नेम चुकला तर वरपर्यंत पोचायला साधारण पाऊण सेकंद तू निःशस्त्र. उलट एलियन खाली जवळ आले असतील तर गोळी लगेच लागते आणि लगेच पुढची मारता येते. म्हणजे धोका जेवढा जवळ तेवढी तुझी तोफ जलद! इतका सुंदर तोल एका साध्या नियमातून येतो आणि तू मशीनगन देऊन तो घालवलास. पॉवर-अप टाकायचा विचार करण्याआधी हे परत आण रे बाबा.

आता ते "परिस्थितीवर अवलंबून" वालं बोलायला हवं, नाहीतर मी आंधळेपणाने जुनं ते सोनं म्हणतोय असं वाटेल. तुझ्या प्रोजेक्टचे मार्क कशावर आहेत ते मला माहीत नाही. परीक्षकाला ऑब्जेक्ट ओरिएंटेड डिझाइन आणि रिपोर्ट हवा असेल तर त्याला एक-एक एलियन हलतोय का पन्नास याच्याशी घेणंदेणं नाही, तू आहे तेच नीट लिही आणि मोकळा हो. मोबाईलवर टचने खेळायचा असेल तर एकाच गोळीचा नियम कदाचित थोडा सैल करावा लागेल, कारण काचेवर बटण दाबल्याचं बोटाला कळत नाही. आणि त्या काळी सुद्धा परिस्थितीप्रमाणे बदललंच होतं. १९८० साली अटारी २६०० वर घरी खेळायला हाच गेम आला तेव्हा त्या यंत्रात रॅम होती फक्त १२८ बाइट, केबी नाही, बाइट. तिथे ५५ ऐवजी ६ गुणिले ६ असे ३६ एलियन ठेवले, आणि उलट बदल्यात ११२ प्रकारचे पर्याय दिले. तो गेम तुफान चालला, लोकांनी त्या एका गेमसाठी यंत्र विकत घेतलं. म्हणजे ५५ हा आकडा पवित्र नाही. पण कमी होतील तसे वेगात, हे तिथेही ठेवलेलं होतं.

तर तुझी शेवटची ओळ, चुका कॉपी करायच्या का. माझ्या मते कुठलीही जुनी "चूक" समोर आली की तिने खेळणाऱ्याला काय दिलं ते बघायचं.

पहिल्यापासून बघ. पाँग, १९७२, अटारीचा. त्यात प्रोसेसर नाही, प्रोग्रॅम पण नाही, नुसत्या लॉजिक चिप जोडून केलेलं सर्किट. ॲलन अल्कॉर्नने बनवला. त्याच्या सर्किटमध्ये एक खोट होती, बॅट स्क्रीनच्या एकदम टोकापर्यंत जायचीच नाही, वर थोडी फट राहायची. त्याने ती दुरुस्त केली नाही, कारण फट नसेल तर दोन पट्टीचे खेळाडू तासन्‌तास एकच डाव खेळत बसतील आणि गल्ल्यात दुसरं नाणं पडणार नाही. पहिलं मशीन कॅलिफोर्नियातल्या सनीवेलच्या एका बारमध्ये लावलं होतं आणि थोड्या दिवसांत बंद पडल्याची तक्रार आली, जाऊन उघडलं तर नाण्यांनी डबा भरून अडकलेलं, हा किस्सा तू ऐकला असशीलच. मला त्या किश्शापेक्षा ती फट जास्त महत्त्वाची वाटते.

स्पेस इन्व्हेडर्समध्ये अशीच एक फट आहे. एलियनचा बॉम्ब त्याच्या पायापासून नाही तर थोडा खालून सुरू होतो. त्यामुळे एलियन एकदम शेवटच्या ओळीत, तुझ्या तोफेच्या डोक्यावर आला की त्याचा बॉम्ब तोफेच्या खाली जन्मतो, तुला लागतच नाही. जपानमधल्या पोरांनी हे शोधून काढलं आणि त्या युक्तीला नागोया शहराचं नाव पडलं. मुद्दाम फौजेला खाली येऊ द्यायचं आणि मग तिथे उभं राहून पटापट टिपायचं. पण अजून एक पायरी उतरले की गेम खल्लास. चूक आहे, पण खेळणाऱ्याला तिने एक जुगार दिला, म्हणून ठेव.

तबकडीचं पण तसंच. तू तिला रँडम गुण दिलेस. मूळ गेममध्ये दिसायला रँडम, पण प्रत्यक्षात तू किती गोळ्या झाडल्यास त्यावर ठरतं, २३व्या गोळीने मारली तर ३००, आणि मग पुढे दर १५व्या गोळीला. लोक गोळ्या मोजत खेळायचे! ५५ एलियनची पूर्ण फौज मारून मिळतात ९९० गुण, खालच्या दोन ओळी १०, मधल्या दोन २०, वरची ३०, हिशोब करून बघ. म्हणजे एक मोजून मारलेली तबकडी म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश फौज. आणि आठपेक्षा कमी एलियन उरले की तबकडी यायचीच बंद होते, त्यामुळे लोक शेवटचे आठ-दहा मुद्दाम जिवंत ठेवून तिची वाट बघायचे, तो ढुम ढुम आवाज वाढलेला असताना. रँडम केलंस की हे सगळं गेलं.

पॅकमॅनमध्ये, १९८०, नामको कंपनीच्या तोरु इवातानीचा, एक वेगळी चूक. गुलाबी भूत तुझ्या चार घरं पुढची जागा धरून चालतं, तुला समोरून गाठायला. पण तू वर तोंड करून असशील तर हिशोबातल्या चुकीमुळे ते चार घरं वर आणि चार घरं डावीकडे अशी जागा धरतं. मुरलेले खेळाडू याचा फायदा घेऊन त्याला चकवतात. ठेवण्यासारखी चूक. पण त्याच पॅकमॅनच्या २५६व्या लेव्हलला अर्धी स्क्रीन कचरा होते, कारण लेव्हलचा आकडा आठ बिटांत ठेवलाय, तो भरून वाहतो आणि खाली फळं काढणारा कोड भरकटतो. किंवा डाँकी काँगमध्ये २२व्या लेव्हलला वेळेचा हिशोब २६० वर जातो, आठ बिटांत २५६ नंतर परत शून्यापासून, म्हणून ४ उरतो, आणि इतक्या कमी वेळात वर पोचणंच अशक्य. यांनी खेळणाऱ्याला काय दिलं? भिंत दिली. तिथवर पोचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यांच्या फुशारकीला ठीक आहे, पण पायथनमध्ये मुद्दाम आठ बिटांचा आकडा बनवून ते आणू नकोस, हौस असेल तर गोष्ट वेगळी.

एक वाक्य पॅकमॅनबद्दल अजून, कारण तू पुढचा प्रोजेक्ट तोच म्हणतोयस. तिथे हिशोब उलटा आहे. त्या बोर्डवर चित्रं हलवायला वेगळं हार्डवेअर होतं, चार भुतं आणि पॅकमॅन सहज हलत होते, नाइलाज नव्हता, त्यामुळे वेग आपोआप कुठून येत नाही, सगळा टेबलातून ठरवलेला. आणि ठरवून काय केलंय बघ, पॅकमॅन एक ठिपका खाल्ला की एक फ्रेम थबकतो. त्यामुळे ठिपक्यांच्या वाटेवर भूत तुला हळूहळू गाठतं आणि खाऊन झालेल्या मोकळ्या वाटेवर तू सुटतोस. स्पेस इन्व्हेडर्समध्ये जे गरिबीतून मिळालं ते दोन वर्षांत लोक हाताने लिहायला शिकले होते, असं मी याकडे बघतो.

आता करायचं काय. तुझ्या एलियनच्या लिस्टमध्ये एक कर्सर, म्हणजे आता कोणाचा नंबर ते सांगणारा आकडा, ठेव, दर फ्रेमला तो पुढच्या जिवंत एलियनवर जाईल आणि तेवढाच सरकवेल. सुरुवात खालच्या ओळीच्या डावीकडून, मग वर वर, म्हणजे फौज चालताना ती लाट उठल्यासारखी दिसते तशी दिसेल. इथे एक खड्डा आहे ज्यात मी पाहिलेले निम्मे क्लोन पडतात, की मेलेल्या एलियनवर पण एक फ्रेम घालवतात. मग कितीही मारले तरी फेरी ५५ फ्रेमचीच राहते आणि वेग वाढतच नाही, मग लोक वैतागून परत स्पीडचं व्हेरिएबल आणतात. भैया रिकाम्या जागेला पुरी देत नाही. मेलेले त्याच फ्रेममध्ये उड्या मारून सोडून द्यायचे.

भिंतीला टेकल्यावर लगेच सगळ्यांची दिशा बदलू नको. नुसती नोंद ठेव, चालू फेरी पूर्ण होऊ दे, पुढच्या फेरीत प्रत्येक जण आपला नंबर आला की ८ पिक्सेल खाली आणि दिशा उलट. आणि तू जो डेल्टा टाइमने, म्हणजे आधीच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने, गुणून वेग काढतोस तो प्रकार या गेममध्ये पूर्ण काढून टाक. बाकी गेममध्ये ती चांगली सवय आहे, इथे नाही, इथे फ्रेम हेच चलन आहे. क्लॉक ६० वर बांध. तुझ्या लॅपटॉपचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर चित्र दाखवणं आणि गेम पुढे नेणं वेगळं कर, गेम ६०नेच पुढे जायला हवा, नाहीतर मित्राच्या मशीनवर अडीचपट पळेल.

बंकरला तू आयत लावून पाच टप्प्यांत फोडतोस. मूळ गेममध्ये बंकर म्हणजे स्क्रीनवरचे ठिपके, बस्. गोळी काढताना त्या जागी आधीच ठिपका पेटलेला असेल तर टक्कर झाली, स्फोटाच्या आकाराएवढे ठिपके विझव. पायगेममध्ये मास्क, म्हणजे कुठले ठिपके पेटलेले त्याचा नकाशा, वापरून हे होतं. त्यामुळे आपल्याच बंकरला खालून बारीक भोक पाडून त्यातून मारायची जी गंमत आहे ती येईल, टप्प्यांमध्ये ती येत नाही.

रंगांचं टेन्शन घेऊ नको. तो गेम काळा-पांढराच होता, टीव्ही उभा करून लावलेला, आणि काचेवर रंगीत पारदर्शक पट्ट्या चिकटवलेल्या, खाली हिरवी, वर नारिंगी-लाल. म्हणून एलियन खाली उतरला की हिरवा होतो, त्याला राग आला म्हणून नाही. तुझ्या गेममध्ये एलियन स्वतःचा रंग घेऊन फिरतो, ते उलट कर, जागेला रंग दे. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि रिपोर्टमध्ये ते जपानमध्ये १०० येनच्या नाण्यांचा तुटवडा झाला वगैरे लिहिलंयस ते काढ. सगळीकडे छापलेलं असतं, दंतकथा आहे. त्याऐवजी हे लिही, की १९७५ साली निशिकादोने वेस्टर्न गन नावाचा गेम प्रोसेसरशिवाय बनवला, अमेरिकेत मिडवे कंपनीने तोच गेम ८०८० प्रोसेसर घालून नव्याने केला, आणि ते बघून हा माणूस प्रोसेसरकडे वळला. परीक्षकाने "ही चिप का निवडली असेल" असं विचारलं तर उत्तर तयार.

एवढं केलंस की तपासायचं कसं? मित्रांना विचारू नकोस, मित्र छान छान म्हणतात. मोबाईलचा स्लो मोशन लाव, २४०चा असेल तर उत्तम, आणि डावाच्या सुरुवातीला एकाच एलियनकडे बघत दोन पावलांमधलं अंतर मोज. व्हिडिओच्या २२० फ्रेमच्या आसपास यायला हवं. मग अर्धे मारून परत मोज, ११०. तेवढं जुळलं आणि ढुम ढुमचं टेबल घातलं की इथे व्हिडिओ टाक, आवाज चालू ठेवून.